रिपोर्टमध्ये ‘मायोकार्डियल ब्रिज’ : पूल कुठला, बोगदा कुठला आणि घाबरायचं कधी?

आडवाछेद

सीटी अँजिओ सर्रास व्हायला लागल्यापासून रिपोर्टात एक ओळ वारंवार दिसते : ‘मिड एलएडीमध्ये मायोकार्डियल ब्रिज, लांबी १८ मिमी, खोली २ मिमी.’ ती वाचून निम्मे लोक घाबरतात आणि उरलेले ‘स्टेंट कधी टाकायचा?’ असं विचारतात. बहुतेकांच्या बाबतीत दोन्हीची गरज नसते. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे, म्हणून हा धागा.

आधी रचना. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावर, चरबीच्या थरातून धावतात. काही जणांत धमनीचा एखादा तुकडा खाली स्नायूत शिरतो आणि थोडं अंतर कापून पुन्हा वर येतो. धमनीवरून जाणारा स्नायूचा पट्टा म्हणजे पूल, आणि त्याखालचा धमनीचा तुकडा म्हणजे बोगद्यातला भाग. हे जन्मजात असतं. सर्वाधिक वेळा डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या धमनीच्या, म्हणजे एलएडीच्या, मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. लांबी साधारण १० ते ३० मिमी, खोली १ पासून १० मिमीपर्यंत.

शोध नवा नाही. १७३७ मध्ये रेमन यांनी शवविच्छेदनात पाहिल्याची नोंद आहे. १९५१ मध्ये गायरिंगर यांनी पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६० मध्ये पोर्टमन व इविग यांनी अँजिओग्राफीत त्याचं वर्णन केलं.

किती जणांत असतो, हे तुम्ही कशाने शोधता त्यावर ठरतं. २०१८ सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात शवविच्छेदनात ४२ टक्के, सीटीत २२ टक्के आणि साध्या अँजिओग्राफीत ६ टक्के असे आकडे आले. कारण उघड आहे. शवविच्छेदनात स्नायू कापून पाहता येतो. सीटीत धमनीभोवतीचा स्नायू दिसतो. अँजिओग्राफीत फक्त नळीच्या आतला डाय दिसतो, त्यामुळे पूल धमनी दाबत नसेल तर तो कळतच नाही.

अवांतर : उंदीर आणि ससा यांच्या कॉरोनरी धमन्या बहुतांशी स्नायूतच गाडलेल्या असतात. घोडा, गाय आणि डुक्कर यांच्या पूर्णपणे वर असतात. माणूस, कुत्रा, मांजर, शेळी हे मधले. म्हणजे ‘विकृती’ हा शब्द वापरताना जरा जपूनच.

शंकासुर

छान धागा. पण मूलभूत शंका. एलएडीतलं रक्त मुख्यत्वे डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडलेलं असताना वाहतं ना? पूल तर आकुंचनाच्या वेळी दाबणार. ज्या वेळी फारसं रक्त वाहतच नाही, त्या वेळी दाबलं तर बिघडलं काय?

कॅथलॅबकर

शंका रास्त आहे. हा पूल निरुपद्रवी आहे असं मानणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद अनेक वर्षं हाच होता. डाव्या बाजूचा साधारण १५ टक्केच प्रवाह सिस्टोलमध्ये, म्हणजे आकुंचनाच्या वेळी, होतो, हे खरं.

पण धमनीच्या आत अल्ट्रासाउंडची सोंड, म्हणजे आयव्हस, घालून पाहिल्यावर वेगळंच दिसलं. दाब सिस्टोल संपताच सुटत नाही. बोगद्यातली धमनी डायस्टोल सुरू झाल्यावरही काही काळ अरुंदच राहते आणि सावकाश उघडते. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉपलर वायरवर याची खूण स्पष्ट असते : डायस्टोलच्या सुरुवातीला वेगाचं टोकदार शिखर, मग झटकन उतार आणि पुढे सपाट पठार. बोटाच्या टोकासारखा आकार म्हणून त्याला ‘फिंगरटिप’ म्हणतात.

आता गणित करा. नाडी ६० असेल तर एक ठोका १००० मिलिसेकंदांचा, त्यात डायस्टोल अंदाजे ६५०. नाडी १२० झाली की ठोका ५०० चा आणि डायस्टोल जेमतेम २५०. सिस्टोल फारसं आकसत नाही, कात्री लागते ती डायस्टोलला. समजा पूल सुटायला १०० मिलिसेकंद घेतो (आकडा फक्त उदाहरणापुरता). ६० च्या नाडीवर त्याने डायस्टोलचा सुमारे १५ टक्के वेळ खाल्ला, १२० वर ४० टक्के. त्यात जोर वाढलेला असतो म्हणून पिळणंही जास्त, आणि स्नायूची रक्ताची मागणीही त्याच क्षणी वाढलेली. म्हणून पुलाचा त्रास बसल्या जागी कमी आणि जिना, धावपळ, ताप, भीती, शरीरातलं पाणी कमी होणं अशा वेळी जास्त.

या धाग्यातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या : आकुंचनात धमनी किती टक्के बंद होते यापेक्षा डायस्टोलमधली किती वेळ बुडते हे महत्त्वाचं. पुढचे सगळे निर्णय, औषधाचे आणि चाकूचे, यावरच उभे आहेत.

गुळवेल

जन्मजात आहे तर मग लक्षणं चाळिशी-पन्नाशीत का सुरू होतात? तोपर्यंत पूल काय झोपलेला असतो?

कॅथलॅबकर

पूल तोच असतो, आजूबाजूचं बदलतं. वयाने आणि रक्तदाबाने डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठ होते, सैल व्हायला वेळ लावते, त्यामुळे पूलही उशिरा सुटतो. धमनीचं अस्तर बिघडलं की आकडी येण्याची, म्हणजे धमनी स्वतःच आवळली जाण्याची, प्रवृत्ती वाढते. आणि तिसरं म्हणजे पुलाच्या अलीकडे साचणारा थर.

हा तिसरा मुद्दा मजेदार आहे. बोगद्यातल्या भागात चरबीचा थर जवळजवळ धरतच नाही. मात्र पुलाच्या तोंडाशी, अलीकडच्या २०-३० मिमी पट्ट्यात, तो हमखास धरतो. पूल दाबला की तिथे रक्त अडखळतं, उलट-सुलट हेलकावतं आणि भिंतीवर मिळणारी सततची घासण कमी पडते. अशा ‘आळशी’ प्रवाहाच्या जागीच थर साचतो. बोगद्याच्या आत उलट घासण जास्त, म्हणून ती जागा स्वच्छ.

त्यामुळे सीटी रिपोर्ट हातात आल्यावर पुलाची ओळ एकदाच वाचा, अलीकडच्या भागाबद्दल काय लिहिलंय ते दोनदा वाचा.

आडवाछेद

+१. आणि अनेक रिपोर्टांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

पुलाचा सीटी रिपोर्ट उपयोगी हवा असेल तर त्यात निदान इतकं असावं : कुठली धमनी व कुठला भाग, उगमापासून किती अंतरावर सुरू, लांबी, सर्वांत जास्त खोली, धमनी चारी बाजूंनी वेढलेली आहे की नुसती खाचेत बसलेली, आणि अलीकडे थर आहे का. वरवरचा आणि खोल यांतली सीमारेषा बरेच जण २ मिमी धरतात, काही १ मिमी. म्हणून नुसतं ‘डीप ब्रिज’ लिहून थांबणाऱ्याला आकडा विचारावा.

खोल प्रकारात स्नायूचे तंतू उजव्या कप्प्याकडून येऊन धमनीला आडवे किंवा तिरके वळसा घालत दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जातात. धमनी पिळली जाण्याची शक्यता इथे वाढते. १९९१ मध्ये फेरेरा व सहकाऱ्यांनी हे दोन प्रकार मांडले, त्यांच्या पाहणीत वरवरचे सुमारे तीन चतुर्थांश होते.

सीटीची मर्यादाही सांगतो. रेडिएशन कमी ठेवायला आजकाल बहुतेक ठिकाणी डायस्टोलमधल्या एका ठरावीक टप्प्याचीच चित्रं घेतात. त्या क्षणी पूल सैल असतो. त्यामुळे सीटी पूल आहे हे उत्तम सांगतो, दाबतो किती हे सहसा सांगत नाही. त्यासाठी सिस्टोलच्या शेवटचा टप्पाही टिपावा लागतो. शिवाय स्कॅनआधी नाडी ६०-६५ च्या खाली आणायला बीटा ब्लॉकर दिलेला असतो, म्हणजे पुलाला आपण आधीच शांत करून ठेवलेलं असतं!

झंपूशेठ

वडिलधाऱ्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट असतेच. छातीत दुखलं की जिभेखाली. पूल असलेल्यांनी ती घ्यावी की नाही? एका ग्रुपवर वाचलं की ती विषासमान आहे.

कॅथलॅबकर

विष वगैरे नाही, पण पूल हेच दुखण्याचं कारण असेल तर ती चुकीची गोळी आहे. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट. नायट्रेटने पुलाच्या अलीकडची-पलीकडची धमनी रुंद होते, बोगद्यातली होत नाही. धमनीची भिंत सैल पडल्याने ती अधिक सहज दाबली जाते. रक्तदाब उतरतो, त्याची भरपाई म्हणून नाडी वाढते, आणि नाडी वाढली की डायस्टोल आकसतं. तिन्ही बाजूंनी तोटा. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, तर लपलेला पूल उघडा पाडायला आम्ही मुद्दाम धमनीत नायट्रोग्लिसरीन देतो. दिल्यावर ‘पिळणं’ ठळक दिसतं.

नायट्रेट घेतल्यावर दुखणं वाढतं, हा स्वतःच निदानाचा एक धागा आहे. डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन अपवाद. पुलासोबत धमनीला आकडी येत असेल तर नायट्रेटचा उपयोग होऊ शकतो. आणि ज्याला पुलाखेरीज इतरत्र खरे ब्लॉक आहेत, त्याची गोळी ग्रुपवर वाचून बंद करू नये. छातीत नवं, जोराचं, १५-२० मिनिटं न थांबणारं दुखणं आलं तर ‘माझा पूल आहे’ म्हणून घरी बसायचं नाही, थेट ईसीजी. पूल असलेल्याला हार्ट अटॅक येत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

शंकासुर

अँजिओग्राफीत ‘सिस्टोलमध्ये ६० टक्के दाब’ आणि एफएफआर ०.८६ आला. ०.८० च्या वर म्हणजे नॉर्मल. विषय संपला ना?

कॅथलॅबकर

नाही. पुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारा आकडा हाच.

आधी ते ६० टक्के. १९७६ मध्ये नोबल व सहकाऱ्यांनी केलेली वर्गवारी अजून वापरतात : ५० टक्क्यांखाली पहिली श्रेणी, ५० ते ७५ दुसरी, ७५ च्या वर तिसरी. पण ती सिस्टोलची आहे. अर्थपूर्ण पूल ठरवायला सिस्टोलमध्ये ७० टक्के किंवा जास्त आकसणं आणि डायस्टोलच्या मध्य-अखेरीसही ३५ टक्के किंवा जास्त आकसलेलं राहणं, असे दोन्ही निकष पाहतात.

आता एफएफआर. यात दाब मोजणारी बारीक वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात, अडेनोसिन देतात (शिरेतून मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम) आणि पलीकडचा सरासरी दाब भागिले महाधमनीतला सरासरी दाब असं गुणोत्तर काढतात. गोम ‘सरासरी’ या शब्दात आहे. पूल आवळला की पलीकडचं रक्त कोंडून तिथला सिस्टोलिक दाब उसळी मारतो, कधी महाधमनीच्याही वर जातो. डायस्टोलमध्ये पडलेली तूट या उसळीने सरासरीत झाकली जाते आणि आकडा खोटा नॉर्मल येतो. घराचं एकूण मासिक बजेट जुळतं, पण महिनाअखेरीस किराण्याला पैसे नाहीत, तसं.

शिवाय अडेनोसिन धमन्या रुंद करतं, पण हृदयाचा जोर फारसा वाढवत नाही. पुलाची परीक्षा जोर वाढवूनच घ्यायला हवी. म्हणून डोब्युटामिन. मिनिटाला किलोमागे ५ किंवा १० मायक्रोग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत नेतात, नाडी वर येत नसेल तर अॅट्रोपिन जोडतात. आणि मोजायचा तो फक्त डायस्टोलमधला दाब. डायस्टोलिक एफएफआर ०.७६ किंवा कमी आला तर पूल दोषी धरतात. आयएफआर हे त्याच धर्तीचं दुसरं गुणोत्तर मुळातच डायस्टोलमधल्या एका खिडकीत मोजतात, म्हणून डोब्युटामिनसोबत तोही चालतो.

आयव्हस करत असाल तर धमनीभोवती काळा अर्धचंद्र शोधा. पुलाच्या जागी तो अगदी ठरून दिसतो, पूल अजिबात दाबत नसला तरीही. सोंड खूप भरभर ओढली तर सुटतो.

इकोवाली

कॅथलॅबच्या आधीची पायरी राहिली. टीएमटी (पायपट्टीवर चालवत काढलेला ईसीजी) पुलाच्या रुग्णांत खूपदा अर्धवट उत्तर देते : ईसीजीत बदल दिसतात, पण कशामुळे ते कळत नाही, किंवा पूल असूनही काहीच दिसत नाही. व्यायामानंतरचा स्ट्रेस इको जास्त बोलका. त्यात पाहायचं काय, तर दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा मधला भाग सिस्टोलच्या शेवटी आणि डायस्टोलच्या सुरुवातीला क्षणभर आत ढळतो, पण हृदयाचं टोक व्यवस्थित चालतं. एलएडीच्या नेहमीच्या ब्लॉकमध्ये टोक आधी बिघडतं, इथे वाचतं. कारण असं मांडलं जातं की आवळलेल्या बोगद्यातून रक्त वेगाने धावताना तिथला दाब घसरतो आणि त्याच भागातून पडद्याला जाणाऱ्या शाखा उपाशी राहतात.

करणाऱ्याला हे माहीत नसेल तर नजरेतून सुटतं, कारण ते क्षणभरच असतं. चिठ्ठीवर नुसतं ‘स्ट्रेस इको’ लिहून पाठवू नका, ‘मिड एलएडी ब्रिज, पडदा बघा’ असं लिहा. आणि पेशंट पायपट्टीवरून उतरून आडवा होईपर्यंत मिनिट गेलं तर चित्र हातचं गेलंच.

गुळवेल

औषधांबद्दल कुणी लिहा ना. नावं आणि डोस कळले तर निदान चिठ्ठी समजते.

कॅथलॅबकर

चिठ्ठी समजण्यापुरतंच लिहितो. लक्षणं नाहीत, तपासणीत रक्तपुरवठ्याची तूट नाही : औषध नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांच्याकडे बघा, बस. २००९ मध्ये श्वार्त्झ यांनी सुचवलेली अ-ब-क वर्गवारी मला सोयीची वाटते : अ म्हणजे लक्षणं आहेत पण तुटीचा पुरावा नाही, ब म्हणजे बाहेरच्या तपासणीत तूट, क म्हणजे धमनीच्या आतल्या मोजमापात बिघाड. ब आणि क ना औषध.

पहिली पसंती बीटा ब्लॉकर. मेटोप्रोलॉल (सक्सिनेट, दिवसाला २५ मिग्रॅपासून) किंवा बिसोप्रोलॉल (२.५ पासून). नाडी उतरते, जोर उतरतो, डायस्टोल लांबतं, म्हणजे वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी उलट होतात. विश्रांतीची नाडी ६० च्या आसपास आणण्याचा प्रयत्न असतो.

दमा असेल किंवा आकडीचा संशय असेल तर डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल, हे नाडी कमी करणारे कॅल्शियम ब्लॉकर. आकडीवाल्याला नुसता बीटा ब्लॉकर कधी कधी उलटतो. अॅम्लोडिपिन हेही कॅल्शियम ब्लॉकरच, पण नाडी कमी करत नाही, म्हणून फक्त पुलासाठी ते योग्य नाही. इथे गफलत होते, कारण चिठ्ठीवर दोन्ही एकाच गटात दिसतात.

नाडी तरीही उतरत नसेल तर आयव्हाब्रॅडिन, ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, वाढवून ७.५ पर्यंत. ते डिल्टियाझेम-व्हेरापामिलबरोबर द्यायचं नाही, रक्तातली पातळी वाढून नाडी नको इतकी खाली जाते. व्हेरापामिल अधिक बीटा ब्लॉकर ही जोडीही धोक्याची, ठोक्यांचा मार्गच अडू शकतो.

अॅस्पिरिन सरसकट नाही. अलीकडे थर असेल तर अॅस्पिरिन आणि स्टॅटिन. बीटा ब्लॉकर अचानक थांबवू नका, नाडी उसळते आणि महिनाभर टाळलेलं दुखणं दोन दिवसांत परत येतं.

झंपूशेठ

औषधाने भागलं नाही तर? स्टेंट टाकला की पूल दाबणारच नाही, सोपं आहे की.

टाकेवाला

दिसायला सोपं. विचार करा, ती नळी दिवसाला लाखभर वेळा बाहेरून पिळली जाणार आहे. स्टेंट तुटतो, त्यात पेशींची वाढ होऊन पुन्हा अरुंद होतो. बोगद्यातल्या धमनीची भिंत पातळ असते आणि भोवती चरबीची गादी नसते, म्हणून फुगवताना फाटण्याचा धोका. औषधी स्टेंटने पुन्हा अरुंद होणं घटलं, संपलं नाही. धडधडीत मोठं कारण असल्याशिवाय पुलात स्टेंट नको.

शस्त्रक्रियेचे दोन मार्ग. एक, स्नायूचा पट्टा कापून धमनी मोकळी करणं, याला अनरूफिंग म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून होतंय. दोष मुळावरच काढला जातो, म्हणून कल्पना सुंदर. पण धमनी खोल असेल तर कापता कापता उजव्या कप्प्याची पोकळी उघडू शकते, रक्तस्राव होतो, नंतर तिथे फुगवटाही येऊ शकतो. अर्धवट कापलं तर दाब राहतोच, तोही नेमका दोन टोकांना.

दुसरा, छातीच्या आतली मॅमरी धमनी पुलाच्या पलीकडे जोडणं. साधारण २५ मिमीपेक्षा लांब किंवा ५ मिमीपेक्षा खोल पुलाला बायपासकडे झुकतात. पण इथे सापळा आहे. पूल डायस्टोलमध्ये उघडा असतो, मूळ धमनीतून भरपूर रक्त येतं आणि ग्राफ्टला, म्हणजे जोडलेल्या धमनीला, कामच उरत नाही. काम नसलेला ग्राफ्ट आकसून बंद पडतो.

कॅथलॅबकर

टाकेवाला यांच्याशी बहुतांशी सहमत, एका दुरुस्तीसह. पुलाच्या *अलीकडे* खरा घट्ट ब्लॉक असेल तर तिथे स्टेंट टाकायला हरकत नाही. चूक होते ती स्टेंटचं पुढचं टोक बोगद्यात शिरतं तेव्हा. आयव्हसवर अर्धचंद्र जिथे सुरू होतो ती हद्द धरून त्याआधीच थांबावं.

टाकेवाला

मान्य. तुमचं टोक बोगद्यात गेलं की ती केस पुढे आमच्याकडे येते :)

निशाचर

शवविच्छेदनात पूल सापडला आणि ‘अचानक मृत्यूचं कारण’ म्हणून त्याचंच नाव लागलं, असं वाचनात येतं. त्यात तथ्य किती?

आडवाछेद

पुलामुळे रक्तपुरवठा तुटणं, अटॅक, ठोक्यांची गडबड, क्वचित मृत्यू, असं वर्णन झालेलं आहे. पण वरचा ४२ टक्क्यांचा आकडा आठवा. दहातल्या चार हृदयांत जे सापडतं, ते मृत हृदयातही सापडणारच. पूल खोल व लांब आहे, त्याच धमनीच्या हद्दीत स्नायूवर जुने-नवे व्रण आहेत, दुसरं कारण नाही, एवढं जुळलं तर बोट दाखवता येतं. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात) पूल जास्त वेळा दिसतो, आणि तिथे मृत्यूला तो आजारच पुरेसा असतो. म्हणून पूल सापडलेल्या तरुणात भिंतीची जाडी इकोवर मोजलेली असावी.

सह्याद्रीवेडा

ट्रेकिंग, मॅरेथॉन बंद करायची का?

इकोवाली

२०१५ च्या अमेरिकी शिफारशींनुसार पूर्ण दमेपर्यंतच्या चाचणीत तूट नसेल तर कुठल्याही खेळाला बंदी नाही. तूट दिसली किंवा आधी अटॅक येऊन गेला असेल तर कमी ते मध्यम जोराचेच प्रकार. शस्त्रक्रिया किंवा स्टेंट झाला असेल तर निदान सहा महिने थांबून पुन्हा चाचणी. सोप्या भाषेत, आधी पायपट्टी, मग कळसूबाई. चढताना पाणी पीत राहा. कोरडं पडलेलं शरीर नाडी वाढवतं आणि पूल रिकाम्या धमनीला जास्त दाबतो.

गुळवेल

शेवटची शंका. पूल असलेल्या व्यक्तीचं हर्नियासारखं दुसरंच ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्यांना सांगावं का? त्यांना काय फरक पडतो?

टाकेवाला

नक्की सांगावं, रिपोर्टची प्रत देऊन. त्यांचं सगळं नियोजन बदलतं. बीटा ब्लॉकरची सकाळची गोळी चुकवायची नाही, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. उपाशी ठेवताना शिरेतून पाणी पुरेसं. कमरेत सुई देऊन भूल दिली की रक्तदाब एकदम उतरू शकतो, तिथे नाडी वाढवणाऱ्या एफिड्रीनपेक्षा फेनिलएफ्रिन बरं. दुखणं आणि थरथर आवरायची, दोन्ही नाडी पळवतात. आणि रक्तदाब वाढला म्हणून सवयीने नायट्रोग्लिसरीनचा ड्रिप लावायचा नाही, एस्मोलॉल (शिरेतून द्यायचा बीटा ब्लॉकर) हाताशी ठेवायचं.